चोवीस बोअरची पुंगळी

"हे तुमच्या लिपीत आहे का?" असं विचारत घरमालकांनी बंदूक माझ्यासमोर आडवी धरली. मी आधी दोन पावलं मागे सरकलो. कंपनीनं सहा महिन्यांसाठी ओहायोला पाठवलं होतं, भाड्याच्या खोलीत येऊन तिसराच आठवडा होता, आणि पुण्यात वाढलेल्या माणसाला कुणी घरात असं सहज बंदूक काढून दाखवत नाही. पण त्यांनी बोट ठेवलं होतं तिथे लोखंडात खोदलेले तीन आकडे होते, चक्क देवनागरी. मी वाचून दाखवले. सत्तरी ओलांडलेला तो माणूस लहान मुलासारखा खूश झाला. इतकी वर्षं ते त्याला नक्षीकाम समजत होते.

त्यांना मी मनातल्या मनात आजोबा म्हणायचो, इथेही तेच म्हणतो. आयुष्यभर टूलरूममध्ये डाय बनवायचं काम केलेला माणूस. बंदूक होती मार्टिनी-हेन्री. मूळ ब्रिटिश बनावट, पण ही आली होती काठमांडूहून. तिथल्या एका जुन्या राजवाड्यातल्या शिलेखान्यात राणा राजवटीची हजारो शस्त्रं शंभर वर्षं धूळ खात पडली होती. २००३ साली दोन अमेरिकी व्यापाऱ्यांनी ती नेपाळ सरकारकडून विकत घेतली आणि जहाजानं अमेरिकेत आणली. तिथे १८९८पर्यंत बनलेली बंदूक कायद्यानं 'पुराणवस्तू' ठरते. त्यामुळे शाळामास्तरांपासून प्लंबरपर्यंत कुणीही ती मागवू शकत होतं. अनेकांनी मागवली.

बंदुका आल्या. काडतुसांचं काय?

मार्टिनी-हेन्रीचं काडतूस रोजच्या दुकानात मिळत नाही. तिच्या लष्करी नोकरीबरोबर त्याचं मोठं उत्पादनही संपलं. कुणी थोड्या प्रमाणात नव्या पुंगळ्या काढल्या, तरी एकेकीची किंमत ऐकून आजोबांसारखी माणसं परत फिरतात. म्हणून ही मंडळी वेगळाच उद्योग करतात. दुसऱ्याच कुठल्यातरी काडतुसाची पितळी पुंगळी घ्यायची आणि ठोकून, दाबून, तासून तिला हव्या त्या आकारात आणायचं. आजोबांच्या तळघरातल्या बाकावर एका डब्यात अशाच पुंगळ्या होत्या. ब्राझीलमध्ये बनलेल्या, २४ बोअरच्या छऱ्याच्या बंदुकीच्या, सरळसोट नळीसारख्या. त्यातली एक हातात घेऊन ते म्हणाले, "हिच्यातून तुझी नेपाळी बाहेर काढायची."

मी मेकॅनिकलचा इंजिनीअर. पोटासाठी जावा लिहितो, पण दुसऱ्या वर्षाला 'डीप ड्रॉइंग' हा धडा दहा मार्कांसाठी पाठ केला होता. त्यातलं उदाहरण म्हणून पुस्तकात काडतुसाच्या पुंगळीचं चित्र होतं. ते चित्र मी पेपरात काढलं, पूर्ण मार्क मिळवले आणि विसरलो. ती पुंगळी नीट समजली ती त्या तळघरात. आणि तिच्यापायी किती माणसं मेली, हे नंतर वाचताना.

*

आधी एक साधी गोष्ट. काडतूस म्हटलं की आपल्याला गोळी दिसते. बातम्यांमध्ये मात्र पोलिसांना घटनास्थळी 'रिकाम्या पुंगळ्या' सापडतात. गोळी उडून जाते, पुंगळी मागे राहते. पण पुंगळी म्हणजे नुसतं दारू भरायचं भांडं नव्हे. दारू पेटते तेव्हा वायूचा प्रचंड दाब सगळ्या दिशांना ढकलतो. त्या क्षणी पुंगळीची पातळ भिंत फुगते आणि बंदुकीच्या घराला घट्ट चिकटून बसते, कुकरच्या रिंगसारखी. वायूला मागे, म्हणजे बंदूकधाऱ्याच्या तोंडाकडे यायला वाट उरत नाही. गोळी गेली, दाब उतरला की ती पुंगळी केसभर आकसते, म्हणूनच ओढून बाहेर काढता येते. फुगणं आणि आकसणं, दोन्ही एका क्षणात जमलं पाहिजे. फुगली नाही तर डोळे जातात. आकसली नाही तर बंदूक अडकते.

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, आणि तो आला तेव्हा ती वस्तू कागदाची होती. कागदाच्या सुरळीत दारू आणि गोळी. १८५७च्या आधी डमडमला ज्या एनफिल्ड काडतुसावरून भडका उडाला, तेही कागदाचंच. चरबी लावलेलं टोक दातानं फाडायचं. ती कथा सगळ्यांना शाळेपासून ठाऊक आहे. पुढची कमी सांगितली जाते. १८६६ साली ब्रिटिशांनी त्याच एनफिल्ड बंदुका मागून कापल्या, त्यांना मागून उघडणारं झाकण बसवलं आणि तिला स्नायडर म्हणू लागले. तिच्यासाठी वुलिचच्या रॉयल लॅबोरेटरीचे प्रमुख एडवर्ड बॉक्सर यांनी नवं काडतूस रचलं. कागदाऐवजी पितळेचा पातळ पत्रा गुंडाळलेली सुरळी, खाली लोखंडी चकती. आता दातानं काही फाडायचं नव्हतं.

एनफिल्डचा व्यास .५७७ इंच, म्हणून स्नायडरचाही तोच. १८७१ला मार्टिनी-हेन्री आली. कुलूप स्वित्झर्लंडच्या मार्टिनींचं, नळीतले आटे एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्रींचे. तिची गोळी बारीक, .४५० इंचाची. मग नवीन काडतूस कसं बनवलं? स्नायडरचंच घेतलं, लांब केलं आणि वरून दाबून बाटलीसारखी मान काढली. नाव पडलं .५७७/४५०. बूड जुन्याचं, तोंड नव्याचं. म्हणजे आजोबा तळघरात जे करत होते, तेच ब्रिटिश साम्राज्यानं पहिल्याच दिवशी केलं होतं. आमच्या क्षेत्रात कुणी सगळं नव्यानं लिहीत नाही, जुन्या कोडला मान काढतात आणि नवीन आवृत्ती म्हणतात. त्या नावातली तिरकी रेघ बघून मला पहिल्यांदा तेच आठवलं.

आणि २४ बोअरच का? छऱ्याच्या बंदुकीचा 'बोअर' म्हणजे एक पौंड शिशाच्या सारख्या किती गोळ्या होतील तो आकडा. १२ बोअर म्हणजे बारा गोळ्या, म्हणून नळी मोठी. चोवीस केल्या तर प्रत्येक गोळी सुमारे .५७९ इंचाची होते. .५७७च्या केसभर पुढे. म्हणजे एकविसाव्या शतकातल्या ब्राझीलच्या पुंगळीचं बूड व्हिक्टोरिया राणीच्या बंदुकीला बसतं, हा योगायोग नाही. दोघी शिशाच्या एकाच मापातून आल्या आहेत.

*

बॉक्सरच्या त्या गुंडाळलेल्या काडतुसात एक खोट होती. भिंत कागदाइतकी पातळ, आणि बूड वेगळं जोडलेलं. बंदूक थंड असेल तर काम चालायचं. सलग गोळीबारानं घर तापलं, आत काजळी साचली, वर वाळवंटातली बारीक वाळू गेली, की फुगलेली सुरळी भिंतीला चिकटून बसायची. शिपाई खालचा दांडा जोरात ओढायचा. आकडा लोखंडी चकतीला पकडून खेचायचा, चकती तुटून हातात आणि सुरळी आतच. मग गजानं ठोकून काढायची. समोर माणसं धावत येत असताना.

सुदानात १७ जानेवारी १८८५ला अबू क्ली इथे हे मोठ्या प्रमाणावर झालं. खार्टुममध्ये अडकलेल्या गॉर्डनला सोडवायला निघालेली ब्रिटिश तुकडी चौकोन करून उभी होती. महदीच्या फौजेनं चौकोनाचा एक कोपरा फोडला. हातघाईची खरी लढाई काही मिनिटांचीच, पण त्यात सत्तरहून जास्त ब्रिटिश मेले. समोरच्या बाजूला याच्या कितीतरी पट. वाचलेल्यांनी परत येऊन सांगितलं की ऐन वेळी बंदुका अडकल्या. लंडनला संगिनी वाकल्याची आणि काडतुसं अडकल्याची चर्चा झाली. मेलेल्या सुदानींची चर्चा झाली नाही, हे सांगायला नकोच.

उपाय माहीत होता, महाग होता इतकंच. पितळेची जाड चकती कापायची, ठशानं दाबून वाटी करायची, वाटी ओढून पेला, पेला ओढून नळी. एकाच तुकड्यातून बूड आणि भिंत, जोड कुठेच नाही. यालाच मी दहा मार्कांचं डीप ड्रॉइंग म्हणून पाठ केलं होतं. मार्टिनीसाठीही मग अशी अखंड पितळी पुंगळी आली.

इथे पितळेचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. थंड असताना दाबलं, ओढलं की ते कडक होत जातं. फार कडक झालं की तडकतं. तापवलं की पुन्हा मऊ. पुण्याच्या तांबट आळीत हे कुणाला शिकवावं लागत नाही. हंडा मठारताना मधूनमधून भट्टीत घालतात तो त्याचसाठी. कारखान्यातही प्रत्येक ओढीनंतर पुंगळी भट्टीतून जाते. शेवटी बूड कडक हवं, म्हणजे आकड्यानं खेचलं तरी फाटणार नाही, आणि तोंड मऊ हवं, म्हणजे फुगून चिकटेल. लष्करी पुंगळीच्या मानेवर निळसर-तपकिरी छटा दिसते, ती शेवटच्या आंचेची खूण.

ही शेवटची आंच किती महत्त्वाची, ते हिंदुस्थानच्या पावसाळ्यानं शिकवलं. इथल्या ब्रिटिश फौजेत पावसाळ्यात काडतुसं कोरडी राहावीत म्हणून घोड्यांच्या पागांमध्ये ठेवत. पावसाळा संपला की पेट्या उघडायच्या, तर पुंगळ्यांना उभ्या भेगा. कुणी वापरल्या नव्हत्या, कुणी हात लावला नव्हता. ठरावीक मोसमात होतं म्हणून इंग्रजीत या रोगाला मोसमी तडा अशा अर्थाचं नाव पडलं. बरीच वर्षं कोडं सुटलं नाही. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी ते उलगडून मांडलं. घोड्यांच्या मुतातून उठणारा अमोनिया, दमट हवा, आणि ओढताना पितळेच्या पोटात अडकून राहिलेला ताण. तिन्ही एकत्र आले की धातू आपल्या आपण फाटतो. हलकी आंच देऊन तो ताण उतरवला की रोग जातो. मला ही गोष्ट फार आवडते. लढाईत न जाता, नुसतं उभं राहून, आतल्या ताणानं आणि आजूबाजूच्या हवेनं फुटणं. आयटीतल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

*

एक प्रश्न मला सारखा पडत होता. ही बंदूक नेपाळला पोचली कशी?

१८५७नंतर इंग्रजांनी एक नियमच करून टाकला होता. देशी शिपायाच्या हातातलं हत्यार गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी मागे ठेवायचं. २७ जुलै १८८०ला अफगाणिस्तानात मैवंदला ब्रिटिशांचा पराभव झाला. तिथे गोऱ्यांच्या ६६व्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री होत्या. शेजारी त्याच शत्रूसमोर उभ्या असलेल्या मुंबई फौजेच्या ग्रेनेडियर्सकडे आणि जेकब्ज रायफल्सकडे जुन्या स्नायडर. गोऱ्यांकडे पुढे .३०३ आली तेव्हा कुठे मार्टिनी देशी पलटणींकडे सरकली. उतरलेले कपडे धाकट्याला, तसं.

नेपाळचे राणा मित्र होते, गुरखे पुरवत होते, पण त्यांनाही आधुनिक बंदुका मोकळ्या हातानं कुणी देत नव्हतं. मग त्यांनी स्वतःच बनवायला घेतल्या. मार्टिनीच्या नकला केल्या. राणा घराण्यातले जनरल गहेंद्र शमशेर यांच्या नावानं तर वेगळीच बंदूक निघाली. बाहेरून पाहिली तर मार्टिनी, आतली यंत्रणा दुसरी, काडतूस मात्र तेच. कारागिरांनी हातानं कानशीनं घासून बनवलेली, त्यामुळे एकीचा सुटा भाग दुसरीला बसत नाही. आजोबांकडे ही गहेंद्रही होती, पण ती ते उडवत नसत. "हिचं लोखंड किती विश्वासाचं ते मला माहीत नाही," एवढंच म्हणाले. टूलरूममधल्या माणसानं असं म्हटलं की विषय संपला.

काडतुसाच्या मापाचं राजकारण पुढेही चाललं. १९०७च्या सुमारास इंग्रज सरकारनं हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० मापाच्या शिकारी बंदुकांवर बंदी घातली. भीती अशी, की साहेब शिकारीसाठी आणेल त्या गोळ्या बंडखोरांच्या हातातल्या जुन्या मार्टिनीत जातील. लंडनच्या बंदूकवाल्यांचं मोठं गिऱ्हाईक इथलं, त्यामुळे त्यांनी वर्षभरात पळवाट काढली. जोसेफ लँग यांनी .५०० मापाच्या पुंगळीची मान आवळून .४७० केली. हॉलंड अँड हॉलंडनं .४६५ काढली. आज हत्तीच्या शिकारीच्या जुन्या गोष्टींमध्ये .४७० हे भारदस्त नाव येतं. त्याच्यामागे जुन्या बंदुकांना घाबरलेल्या सरकारचा एक हुकूम आहे. स्वातंत्र्यानंतरही माप हेच हत्यार राहिलं. लष्कराचं .३०३ नागरिकाला निषिद्ध, म्हणून परवानाधारकाच्या घरी दिसते ती .३१५. आणि .३१५ म्हणजे तरी काय, ऑस्ट्रियाच्या जुन्या मॅन्लिकर काडतुसाचा वंश. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याखाली काडतूस बनवायला परवाना लागतो, त्यामुळे तळघरातला हा छंद आपल्याला नाही. नसलेलाच बरा, असं माझं मत. आजोबांना मी ते सांगितलं नाही.

त्यांच्या फडताळात .३०३च्या पुंगळ्यांनी भरलेली एक बरणी होती. बुडावर इंग्रजी के आणि एफ. "ही कुठली फॅक्टरी, माहितीये?" त्यांनी परीक्षा घेतल्यासारखं विचारलं. मला हसू आवरेना. ती अक्षरं किर्कीची, म्हणजे आमच्या खडकीची. १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना. कॉलेजला जाताना माझी बस रोज त्याच्या भिंतीवरून जायची आणि आत काय चालतं याचा मी कधी विचार केला नव्हता. जुन्या साठ्यातला खडकीचा माल जगभर विकला गेला, त्यातला मूठभर ओहायोच्या तळघरात. मी एक पुंगळी उचलून बुडाचा वास घेतला. काही येत नव्हता. पण घेतला.

*

आणि मग एका शनिवारी आजोबांनी मला समोर बसवून त्या चोवीस बोअरच्या पुंगळ्यांचं बारसं केलं.

आधी तोंडाकडची बाजू तापवायची. बुडं पाण्याच्या ताटलीत बुडवून उभी करायची, म्हणजे वरचं मऊ होईल आणि खालचं कडकच राहील. मग वंगण लावून डायमध्ये दाबायची. एकदम नाही. पहिल्या डायनं थोडा खांदा, दुसऱ्यानं आणखी, मध्ये पुन्हा आंच. घाई केली की मानेला साडीसारख्या चुण्या पडतात आणि पुंगळी गेली. डाय त्यांनी स्वतः लेथवर केल्या होत्या, शेवटचा मिलिमीटर हातानं पॉलिश केलेला. मला वाटलं आता झालं. पण प्रत्येक जुन्या बंदुकीचं घर थोडं वेगळं, कुणाचं झिजलेलं, कुणाचं हातानं कोरलेलं. म्हणून शेवटचा आकार डाय देत नाही, ती बंदूकच देते. गोळी न घालता, थोड्या दारूवर गव्हाचा रवा भरून उडवतात. भिंत फुगते आणि त्या एका बंदुकीच्या घराचा ठसा घेऊन बाहेर येते. रवा म्हणजे रवाच, अमेरिकेत सकाळी लापशी करून खातात तो. माझ्या आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, त्यापेक्षा शिरा करा.

अशी एका बंदुकीची झालेली पुंगळी दुसरीला नीट बसेलच असं नाही. आजोबा म्हणून प्रत्येक बंदुकीच्या पुंगळ्यांचा वेगळा डबा ठेवत आणि डब्यावर चिकटपट्टी लावून बंदुकीचा नंबर लिहीत. या बंदुकीच्या डब्यावर इतके दिवस नुसतं 'नेपाळ' होतं. आता मी नंबर वाचून दिला होता. त्यांनी तो स्वच्छ अक्षरात लिहिला, इंग्रजी आकड्यांत आणि खाली माझ्याकडून देवनागरीत लिहून घेतला. हा आकडा कुणीतरी छिन्नी-हातोडीनं मारला असेल. त्याच्या बंदुकीची मोजदाद त्यावर होत असेल, परेडच्या आधी कुणी हवालदार तो मोठ्यानं वाचत असेल. तो माणूस कोण, लढला की नाही, काही नोंद नाही. आकडा तेवढा आहे.

पुण्याला परत आल्यावर ऑफिसच्या कँटीनमध्ये आमच्या टीममधल्या पोखऱ्याच्या एका मुलाला मी मोठ्या ऐटीत बंदुकीचा फोटो दाखवला. त्यानं मोबाईल हातात घेतला, फोटो मोठा केला, आणि म्हणाला, "शेवटचा आठ नाहीये. पाच आहे." आमच्याकडे पाच, आठ आणि नऊची वळणं वेगळी असतात, जुन्या माणसांची तर फारच, असं म्हणून त्यानं टिश्यू पेपरवर काढून दाखवलं. लिपी एकच म्हणून मी छाती पुढे काढून वाचलं होतं आणि तीनातला एक आकडा चुकवला होता.

आजोबांना मेल केली. दोन दिवसांनी फोटो आला. चिकटपट्टीवरच्या दोन्ही आठांवर काट मारली होती आणि वर इंग्रजीत पाच, खाली माझ्या अक्षराची नक्कल करत काढलेला थरथरता नेपाळी पाच. डबा उघडा होता. वीसातल्या सतरा पुंगळ्या रांगेत उभ्या, आणि मान तडकलेल्या तीन बाजूला आडव्या.